म्हातारीची बाज आणि अगस्तीची सासुरवाडी

मागच्या सत्रात एक तास मोकळा मिळाला, तेव्हा मी वर्गातल्या मित्रमैत्रिणींना एक साधा प्रश्न विचारला : मृग नक्षत्र आकाशात केव्हा दिसते? बहुतेकांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "जूनमध्ये! सात जूनला मृग लागतो ना!"

आम्ही बहुतेक सारी शेतकऱ्यांची मुले. कोणी दर्यापूरकडचा, कोणी अकोटकडची, कोणी मूर्तिजापूरचा. मृगाच्या पावसावर आमच्या घरची वर्षभराची गणिते जमतात किंवा फिसकटतात. तरीही उत्तर साफ चुकले होते. मृग 'लागतो' म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात प्रवेश करतो. ज्या नक्षत्रात सूर्य असेल ते सूर्याच्या तेजातच बुडालेले असणार. ते दिसेल कसे? मृग पाहायचा तो डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, तूर राखायला शेतात गेलेल्या माणसाने मान वर करून.

मला कोणाला हसण्याचा अधिकार नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हेच उत्तर दिले असते. परंतु त्या दिवसापासून एक विचार मनात घर करून राहिला आहे. नक्षत्रांची नावे आपल्या तोंडी उरली आणि नक्षत्रे मात्र डोळ्यांआड झाली. पाहणे सुटले आणि मानणे तेवढे राहिले. या एका गोष्टीने आपले किती नुकसान केले आहे, तेच या लेखात मांडायचे आहे.

आकाशातल्या कथा कोणी घरात बसून रचलेल्या नाहीत. त्या पाहणाऱ्यांनी रचल्या. मृगाचीच कथा घ्या. ऐतरेय ब्राह्मणात ती आली आहे. प्रजापतीला आपल्याच कन्येचा मोह पडला. ती रोहिणी होऊन पळाली, हा मृग होऊन तिच्यामागे धावला. देवांना हे पाप सहन झाले नाही. त्यांनी आपापले उग्र अंश एकत्र करून रुद्र निर्माण केला आणि रुद्राने बाण मारून त्या मृगाला विंधले. आता हिवाळ्यातल्या रात्री वर पाहा. पुढे लालसर रोहिणी, तिच्यामागे मृगाचे चार पाय, त्याच्या पोटात एका ओळीत रुतलेले तीन तारे—तोच त्रिकांड बाण—आणि त्या ओळीच्या रेषेत मागे सर्वांत तेजस्वी तारा, व्याध. कथेतले प्रत्येक पात्र आपापल्या जागी उभे आहे. रात्र सरकते तशी रोहिणी पुढे जाते, मृग मागे जातो आणि त्याला ती कधीच सापडत नाही. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी हे रोज रात्री पाहिले आणि त्यातून बळाच्या जोरावर केलेल्या पापाला शासन असते, ही गोष्ट सांगितली. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' हा ग्रंथ लिहिला तो याच मृगावर. वेदांचा काळ ठरवण्यासाठी त्यांनी याच कथांचा आधार घेतला.

गंमत अशी की, हेच तारे ग्रीकांनी पाहिले तेव्हा त्यांना मृग दिसला नाही, शिकारी दिसला. आपल्याकडे जो सावज, तो त्यांच्याकडे पारधी. त्यांच्या कथेत हा ओरायन विंचवाच्या दंशाने मेला. म्हणून देवांनी दोघांना आकाशात समोरासमोर ठेवले. वृश्चिक उगवू लागला की ओरायन मावळतो, जणू भीतीने पळ काढतो! तारे तेच, पाहणारी माणसे वेगळी, त्यांची सुखदुःखे वेगळी, म्हणून कथा वेगळ्या. कोणती खरी, हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही कथा पाहून सांगितलेल्या आहेत, एवढे खरे.

येथवर मी जे लिहिले ते कोणत्याही ग्रंथालयात मिळेल. जे मिळणार नाही ते आता सांगते.

माझी आजी निरक्षर होती. उन्हाळ्यात आम्ही अंगणात निजत असू. उत्तरेकडे बोट दाखवून ती म्हणायची, "थे पाय, म्हातारीची बाज. अन् थे मांगचे तीन चोर." बाजेचे चार खूर म्हणजे चौकोनाचे चार तारे आणि चोर म्हणजे शेपटीचे तीन. म्हातारी बाजेवर निजली आहे. चोर बाज उचलून न्यायला आले आहेत. पण म्हातारी मोठी खमकी! ती झोपेचे सोंग घेऊन जागीच असते. म्हणून चोर रात्रभर नुसते फिरत राहतात, बाज काही त्यांच्या हाती लागत नाही. त्या काळी घरात घड्याळ नव्हते. बाज किती कलली यावरून आजी जात्यावर बसायची वेळ ओळखत असे.

सातवीत असताना मी शाळेत सप्तर्षी शिकले. त्या उन्हाळ्यात मी मोठ्या ऐटीत आजीला म्हटले, "आजी, ती बाज नाही. ते सप्तर्षी आहेत. मरीची, वसिष्ठ, अंगिरा..." आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "असन बाई. तुह्या पुस्तकात थेच असन." त्यानंतर तिने मला कधीही तारे दाखवले नाहीत. ती गेली त्याला आता तीन वर्षे झाली. तिला आणखी कोणते तारे ठाऊक होते, त्यांची नावे काय होती, हे आता कोणाला विचारू?

आजीला मी गप्प केले ते अज्ञानाने नव्हे, अर्धवट ज्ञानाने. पुस्तकात छापलेले तेवढे खरे आणि जात्यावर बसणाऱ्या बाईने सांगितलेले खोटे, असे मी धरून चालले होते. पुढे कळले की, शहाणी माणसे अशी बाज शोधत गावोगाव फिरली आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि आपल्या अमरावतीचे गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, आंध्र आणि मध्य प्रदेशातील सुमारे पंधरा गोंड गावे पालथी घालून गोंडांच्या आकाशाची नोंद केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्या आकाशातही सप्तर्षींच्या जागी खाट आहे आणि ती पळवू पाहणारे चोर आहेत! पुढे कोरकूंच्या आकाशावरही त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेळघाट आपल्यापासून किती दूर? परतवाड्याहून घाट चढला की झाले. आपण चिखलदऱ्याला सहली नेतो, पॉईंटवर उभे राहून छायाचित्रे काढतो आणि रात्र पडायच्या आत परततो. तिथल्या कोरकू म्हाताऱ्याला आकाशात काय दिसते, हे विचारायला आपल्यापैकी कोण थांबले?

आता कोणी म्हणेल, ही झाली अडाण्यांची गोष्ट. वऱ्हाडाचे पुराणात स्थान काय? तर त्याचे उत्तर आपल्याच दक्षिण आकाशात आहे.

फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास घराच्या गच्चीवरून दक्षिणेकडे पाहा. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. क्षितिजापासून अशा दीड मुठीच्या थोडे वर एक ठळक तारा दिसेल. तो अगस्ती. व्याधाखालोखाल तेजस्वी. दिल्लीहून तो कसाबसा नऊ अंश वर येतो, काशीहून बारा, आपल्या अमरावती-अकोल्याहून सोळा आणि कन्याकुमारीहून एकोणतीस. विंध्याद्रीला वाकायला लावून दक्षिणेत गेलेल्या आणि परत न फिरलेल्या अगस्तीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. उत्तरेकडून डोंगर ओलांडून येणाऱ्या वाटसरूला दर मुक्कामी हा तारा थोडा थोडा वर चढलेला दिसत असणार. तारा वर चढला, की पर्वत खाली वाकला? पाहणाऱ्याने दुसरे म्हटले आणि कथा झाली, असे मला वाटते. अगस्तीने समुद्र प्राशन केला म्हणतात. तोही पहाटे पुन्हा दिसू लागतो तो ऑगस्ट सरता सरता. मग पाऊस ओसरतो, नद्यांचे गढूळ पाणी निवळू लागते. अगस्तीच्या उदयाने पाणी निर्मळ होते, हे कालिदासानेही 'रघुवंशा'त नोंदवले आहे.

या अगस्तीची सासुरवाडी कोणती? आपला विदर्भ! महाभारताच्या वनपर्वात सांगितले आहे की, अगस्तीची पत्नी लोपामुद्रा ही विदर्भराजाच्या घरी वाढली. दमयंती, इंदुमती, रुक्मिणी या विदर्भाच्या लेकींची नावे आपण अभिमानाने घेतो. रुक्मिणीचे कौंडिण्यपूर तर आपल्याच जिल्ह्यात वर्धेच्या काठी आहे. पण लोपामुद्रेला आपण विसरलो. ती काही मुकाट्याने संसार करणारी नव्हती. राजाला आपली लाडकी लेक वल्कले नेसणाऱ्या ऋषीला द्यावीशी वाटेना आणि नाही म्हणण्याचे धैर्यही होईना. तेव्हा तिनेच पुढे होऊन बापाची सुटका केली. लग्नानंतर, मला माहेरी होते तसे वस्त्रालंकार आणा, असे तिने त्या तपस्व्याला स्पष्ट सांगितले आणि त्याला धन मिळवायला घराबाहेर पडावे लागले! ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात तिचा आणि अगस्तीचा संवाद आहे; त्यातल्या ऋचा तिच्या नावावर आहेत. अशी ही वऱ्हाडची बोलकी लेक. वसिष्ठाशेजारची अरुंधती मला अनेकांनी दाखवली. अगस्तीशेजारी लोपामुद्रा कुठे आहे, हे मात्र अजून कोणी दाखवले नाही.

अरुंधतीवरून आठवले. लग्नात नवरानवरीला अरुंधती दाखवण्याचा विधी असतो. हेतू किती सुंदर! वसिष्ठाच्या अगदी जवळ असलेला तो बारीक तारा एकाग्र होऊन पाहिल्याशिवाय दिसत नाही. पण आज हा विधी होतो कसा? भर दुपारी मांडवाच्या कापडाकडे बोट करून गुरुजी म्हणतात, "दिसली म्हणा." नवरी म्हणते, "दिसली." संसाराची सुरुवातच न पाहता 'दिसली' म्हणण्याने होते!

हे हसून सोडून देता येईल. पण पाहणे सुटून मानणे उरले की प्रत्येक वेळी ते इतके निरुपद्रवी राहत नाही. मृगाचेच पुन्हा घेऊ. पंचांगातली नक्षत्रे ऋतूंच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. सहाव्या शतकात, वराहमिहिराच्या काळी, सूर्य मृगात शिरत असे तो आजच्या हिशेबाने मेच्या मध्यावर. म्हणजे 'मृग लागला, पेरते व्हा' हा नियम काही अनादी नाही. मधल्या कुठल्या तरी पिढ्यांनी आकाशही पाहिले, ढगही पाहिले आणि दोहोंचा मेळ घातला. त्या पाहणाऱ्या शेतकऱ्यांपुढे मी नतमस्तक आहे. पण आज त्यांचे पाहणे टाकून नुसती तारीख धरली, तर काय होते? मृगाची एक सर येते, लोक धूळभरल्या रानात बी टाकतात, मग पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर बसते. निदान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. हा सल्ला मृगाच्या विरोधात नाही. तोही पाहणाऱ्यांचाच सल्ला आहे.

आणि आता मी त्या गोष्टीपाशी येते, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

माझी मोठी ताई एम.ए. झाली आहे, अकोल्याला नोकरी करते. गेल्या वर्षी तिच्या लग्नाची दोन ठिकाणे जुळता जुळता मोडली. मुलगी पसंत, शिक्षण पसंत, घर पसंत. पत्रिका पाहिली आणि निरोप आला, "मुलगी मुळावर आहे. सासऱ्याला वाईट." मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला, आश्लेषेची सासूला, ज्येष्ठेची थोरल्या दिराला आणि विशाखेची धाकट्या दिराला, अशी ही वाटणी आहे. घरात रडारड झाली. मग एका शहाण्याने तोड सुचवली : जन्मवेळ पाच-सहा तास पुढे ढकलून नवी पत्रिका करून घ्या, चरण बदलेल, कोणाला कळणार आहे? बाबा जवळजवळ तयार झाले होते. ताईच नाही म्हणाली. "आईला जेव्हा कळा आल्या तेव्हाच मी जन्मले. खोट्या वेळी मी जन्म घेणार नाही." एवढेच बोलून ती भाकरी थापायला गेली.

त्याच मे महिन्यात एका रात्री गावी वीज गेली. अंगणात बाजा टाकल्या होत्या. अकरा वाजले असतील. उत्तरेकडे आजीची बाज कलू लागली होती. मृग केव्हाच मावळला होता आणि आग्नेयेला तो पुराणा विंचू नांगी उगारून वर आला होता. मी ताईला म्हटले, "ताई, तुझे मूळ पाहायचे?" विंचवाच्या नांगीच्या टोकाला दोन तारे अगदी जवळ जवळ आहेत. तेच मूळ. ताई उठून बसली आणि कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "इतके छान आहे? मला वाटले काही तरी भयंकर असेल."

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगते. एक : अथर्ववेदात या दोन ताऱ्यांना 'विचृत' म्हटले आहे. म्हणजे बंध सोडवणारे. रोगाच्या पाशातून माणसाला मोकळे करावे म्हणून त्यांची प्रार्थना केली आहे. एकेकाळी जे तारे पाश सोडवीत, त्यांचाच आपण मुलींच्या गळ्यात फास केला! दुसरी : आपली आकाशगंगा जिच्याभोवती फिरते ते तिचे केंद्र, सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर, याच बाजूला आहे. मूळ हे नाव ठेवणाऱ्याला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. तो निव्वळ योगायोग. पण एवढ्या अफाट पसाऱ्याला दर्यापूर तालुक्यातल्या कोणा सासऱ्याशी वैर धरायला वेळ असेल काय?

आणि साधे गणित करा. नक्षत्रे सत्तावीस, चंद्र प्रत्येकात साधारण एक दिवस असतो. म्हणजे दर सत्तावीस माणसांत एक मुळावरचा. आपल्या महाविद्यालयात हजार विद्यार्थी धरले तर सुमारे सदतीस जण मुळावरचे निघतील. आपल्या आया, मावश्या, आत्या, वहिन्या यांतही त्याच प्रमाणात. त्यांचे सासरे मोजून पाहा की! पण मोजणे हेही पाहणेच आहे आणि तेच तर आपण सोडले आहे.

यावर आमचे काही बुद्धिवादी मित्र म्हणतात, "म्हणून तर सांगतो, या सगळ्या कथाच फेकून द्या. विज्ञान आहे ना!" त्यांचा राग मला समजतो, पण मत पटत नाही. ताईला नाकारले ते मृगाच्या किंवा लोपामुद्रेच्या कथेने नाही. कथेचा, ताऱ्याचा, आकाशाचा काही एक संबंध न ठेवता उरलेल्या एका ओळीच्या नियमाने नाकारले. कथा फेकून दिल्या तर तो नियम मरणार नाही; तो कथेवाचूनही सुखाने जगतो, हेच तर आपण पाहिले. उलट आजीची बाज मात्र कायमची जाईल. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिले तेव्हा परंपरेचा कागद न् कागद तपासला आणि श्रद्धेपायी गणिताला मुरड घातली नाही. जपणे आणि तपासणे ही दोन्ही कामे एकाच माणसाला करता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला गुरू कोणता?

तेव्हा प्राध्यापकमंडळींना आणि मित्रमैत्रिणींना माझी एक सूचना आहे. खर्च काहीच नाही. या दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने गावी जाऊन घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाला रात्री अंगणात बसवावे आणि विचारावे, "हे काय? याला तुम्ही काय म्हणता?" जे नाव, जी गोष्ट मिळेल ती त्यांच्याच बोलीत, जशीच्या तशी उतरवून आणावी. मध्येच दुरुस्त करू नये. मी केली ती चूक पुरे झाली. मेळघाटातून येणारे मित्र आपल्या कोरकू घरांतली नावे आणतील, तांड्यांवरून येणाऱ्या मैत्रिणी बंजारा घरांतली. शहरातल्यांनी निदान नव्या पांढऱ्या दिव्यांच्या झगमगाटातून बाहेर, बडनेऱ्याच्या किंवा बार्शीटाकळीच्या पलीकडे, एक रात्र काढावी. मराठी विभागाने ही नावे भित्तिपत्रकावर लावावीत, भूगोल विभागाने ताऱ्यांशी ताडून पाहावीत आणि संपादकांनी पुढच्या अंकात त्यांना चार पाने द्यावीत.

माझ्याकडून पहिली नोंद आजच देते. सप्तर्षी : म्हातारीची बाज. सांगणारी : माझी आजी, तालुका दर्यापूर. म्हातारी जागी आहे, म्हणून चोरांना बाज नेता येत नाही.

ताईचे लग्न अजून जमलेले नाही. पत्रिका मागणाऱ्यांना बाबा आता खरीच पत्रिका देतात आणि वर सांगतात, "मुळाची आहे. एकदा रात्री घरी या, आकाशात दाखवतो." अजून कोणी आले नाही. कोणी आले तर आमच्या अंगणात बाजा पुष्कळ आहेत.